तळणीकरबुवांची झील

गाण्यातलं मला काही कळत नाही, एवढं एक वाक्य पंजाबरावांच्या ओट्यावर बसून मी बारा वर्षांपूर्वी बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण न कळणाऱ्या गोष्टींची माझी यादी तेव्हाही बरीच लांब होती, आणि तिच्यात चारचौघांदेखत आणखी एकीची भर घालणं माझ्या जिवावर आलं.

पंजाबराव हे आमचे शेजारी. चिखलीत राहून गावाकडची शेती बघायचे, म्हणजे ती बघायला माणसं पाठवायचे. आमच्या गल्लीत रेडिओ पहिल्यांदा त्यांच्याकडे आला आणि रेडिओच्या पाठोपाठ आमचं श्रवण मंडळ निघालं. दर रविवारी सकाळी आम्ही अकरा जण त्यांच्या ओट्यावर जमून शास्त्रीय संगीत ऐकत असू. पंजाबराव बटण पिळत, खरखरीतून कुठेतरी गाणं हाती लागे, आणि आम्ही "वा" म्हणत असू. घाईघाईत कधी खरखरीलाही म्हटलं जाई, पण त्याबद्दल कुणी कुणाला बोलत नसे.

मंडळाचे चिटणीस निवृत्ती मास्तर. त्यांना गाण्यापेक्षा इतिवृत्ताची गोडी जास्त. त्यांनीच नियम काढला होता की प्रत्येक सभासदाने आपण प्रत्यक्ष ऐकलेल्या पहिल्या मैफिलीची आठवण सांगावी आणि ती वहीत नोंदवली जावी. पंजाबरावांनी अमरावतीची सांगितली. मास्तरांनी अकोल्याची. कुणी खामगावची सांगितली. माझी पाळी आली. मी धान्य खरेदी संघात कारकून, बाप वांगी-मिरची पिकवणारा. मैफल ऐकायची राहूनच गेली होती. मी म्हणालो, "नागपूर."

नागपूरला मी गेलो होतो हे खरं आहे. नोकरीच्या परीक्षेला गेलो होतो आणि मुक्कामभर धर्मशाळेतले ढेकूण वेचत होतो. पण त्या सकाळी रेडिओवर नरहरीबुवा तळणीकरांचं नाव ऐकलं होतं, ते माझ्या तोंडाला चिकटलं. बुवांना मी नागपुरात पहिल्या रांगेत बसून ऐकलं, असं मी सांगून टाकलं. मास्तरांनी लिहून घेतलं. एकदा लिहिलेली गोष्ट मग खरी धरून चालावं लागतं, कारकुनाला हे वेगळं सांगायला नको.

खोटं घरात पाळलं की ते खातं-पितं आणि वाढतं. पहिल्या वर्षी मी नुसता पहिल्या रांगेत होतो. तिसऱ्या वर्षी बुवांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सातव्या वर्षापर्यंत बुवा मैफिलीनंतर मला म्हणाले होते, "दाद द्यावी ती अशी!" हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की कधी कधी ते आठवून माझा ऊर भरून येई.

यात एकच माणूस असा होता, ज्याच्याकडे मला नीट बघवत नसे. ती म्हणजे माझी बायको रुख्मिणी. आमच्या घराला आणि पंजाबरावांच्या घराला एकच भिंत. रविवारी ती भिंतीला पाठ लावून भाजी निवडत बसायची आणि ऐकायची. बाई माणसानं ओट्यावर येऊन बसायची तेव्हा रीत नव्हती. पण मंडळातल्या अकरा जणांत मिळून जेवढा कान होता, त्याहून जास्त तिच्या एकटीला होता. सकाळचं ऐकलेलं दुपारी भांडी घासताना ती जसंच्या तसं गुणगुणायची. आणि गल्लीतल्या बायकांना सांगायची, "आमच्या यायनं तं बुवाले समोर बसून ऐकलं हाय." ते ऐकलं की मी चप्पल घालून उगाच बाहेर जात असे.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा मंडळालाही काहीतरी भव्य करावंसं वाटलं. पंजाबराव म्हणाले, "आपून रेडिओ ऐकून ऐकून म्हातारे होऊन राह्यलो. एक जिवंत गवई आना बाप्पा चिखलीत! अन् शालिग्रामभाऊची तं तळणीकरबुवाशी वळख हाय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी लिहिलं, "श्री. शालिग्राम यांनी जबाबदारी आनंदाने स्वीकारली." आनंद त्यांनी मनचा घातला.

मी बुवांना पत्र लिहिलं. ते मुद्दाम इतकं वाईट लिहिलं की कुठलाही शहाणा माणूस नकार देईल. रस्ता खराब आहे, हवा कोरडी आहे, माणसं शेतीवाडीची आहेत, असं सगळं खरं लिहिलं. आठव्या दिवशी बुवांचं कार्ड आलं. ते खामगावहून जालन्याला निघाले होते, मोटार चिखलीवरूनच जात होती, तेव्हा शनिवारी संध्याकाळी उतरून रविवारी सकाळी गातील आणि दुपारच्या गाडीने पुढे जातील. अट एकच होती. श्रोते निदान शंभर असावेत. "रिकाम्या सतरंज्यांपुढे गायचं आता वय राहिलं नाही," असं त्यांनी लिहिलं होतं.

आता जागा. शाळेचा हॉल मागितला तर परवानगी जिल्ह्याहून यायची होती आणि ती माझी मुलं शाळेतून बाहेर पडेपर्यंत आली असती. शेवटी पंजाबरावांनी ओळखीने एका जिनिंगचं रिकामं गोदाम मिळवलं. तिथे कापूस नव्हता, पण कापसाची आठवण भरपूर होती. दार उघडलं की ती आधी नाकात यायची.

मग करमणूक कर. ज्या कचेरीत मला यासाठी पाच खेपा घालाव्या लागल्या तिचं नाव मी सांगणार नाही, अजून तिथे कामं पडतात. नव्या राज्याचे फॉर्म आले नव्हते. जुन्यावर मध्यप्रदेश छापलेलं होतं, ते खोडून कुणीतरी मुंबई लिहिलं होतं, ते खोडून मी महाराष्ट्र लिहिलं. एवढी राज्यं एका कागदावरून जाताना पाहून मला जरा गहिवरूनही आलं. खाली कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता, तमाशा, नाटक, सर्कस, कुस्ती, इतर.

"इतर म्हंजे काय?" कारकून म्हणाले. त्यांचं नाव दयाराम. तपकीर ओढायचे आणि सत्याला घट्ट धरून बसायचे.

"शास्त्रीय गायन."

"लोकाईले मजा येईन काय त्यात?"

मी दुखावलो. "मजा नव्हे साहेब, आनंद. आत्मिक आनंद."

"आनंद झाला का करमणूक झाली. करमणूक झाली का कर लागला. अन् करमणूक होनार नसन तं तसं लिहून द्या."

बुवांचं गाणं फुकट ठेवलेलं होतं, मंडळाकडे वर्गणीशिवाय काही नव्हतं. म्हणून अखेर मी लिहून दिलं, "सदर कार्यक्रमात कोणाचीही कोणत्याही प्रकारे करमणूक होणार नाही, व झाल्यास त्यास मी व्यक्तिशः जबाबदार राहीन." खाली सही केली. दयारामांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मी स्वतः येऊन पाह्यतो."

राहिले शंभर श्रोते. मंडळाची अकरा माणसं, त्यांची बायकामुलं धरून तीस-पस्तीस. बाकी चिखलीत मी घरोघर सांगत फिरलो. प्रत्येकाने गाणं सोडून दुसराच सल्ला दिला. कुणी म्हणालं, गवयाला दही देऊ नका. कुणी म्हणालं, दहीच द्या. समोरच्या झुंबरबाईंनी तर हळदीचं दूध इतक्या वेळा बजावलं की बुवा आजारी पडून आमच्याकडे येतायत असंच गल्लीला वाटू लागलं. ऐकायला येतो असं मात्र कुणी म्हणेना. शेवटी रुख्मिणीनं सुचवलं, "आबाले निरोप धाडा ना. थे आनतीन मानसं."

आबा म्हणजे माझे सासरे अर्जुनराव, अमडापूरला भाजीपाल्याची बागायत आणि त्या गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. सत्तरीचे, बोलायला मऊ. उभ्या आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोलले नसतील, भजन सोडून. मी निरोप पाठवला, दहा-पंधरा माणसं आणा. जावयाचा निरोप म्हटल्यावर दहा-पंधरा आणणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं.

शनिवारी मोटार आली तेव्हा बुवा, त्यांचा तबलजी आणि तंबोरे धरणारे दोन शिष्य उतरले आणि टपावरून गवसणीतले दोन तंबोरे उतरले. बुवा साठीचे, बारीक, डोळे थकलेले. पंजाबराव पुढे सरसावले. "बुवा, हे आमचे शालिग्रामभाऊ. नागपूरले तुमच्या म्होरं बसले होते, तुमीच म्हनले होते, दाद द्यावी ते अशी!"

मी जमिनीकडे पाहिलं. बुवा माझ्याकडे बघून म्हणाले, "हो हो. आठवतं की."

मी सुटलो. मग माझ्या ध्यानात आलं की हा माणूस गावोगाव हेच म्हणत असणार. त्याने मला सभ्यपणे वाचवलं होतं. त्याचं मला इतकं ओझं झालं की जेवणात मी त्यांना तीनदा कढी वाढली.

रविवारी सकाळी आठ वाजता अमडापूरच्या रस्त्याने बैलगाड्या आल्या. मी मोजल्या नाहीत. पंजाबरावांनी मोजल्या आणि त्यांचा चेहरा पडला. साठ-सत्तर माणसं उतरली, धुतलेली धोतरं, बुक्का लावलेला. बहुतेकांच्या हातात टाळ. एकाच्या गळ्यात पखवाज. सोबत पाहुण्याला म्हणून वांगी, मेथी आणि एक मोठा दुधी.

"जवाईबापू, तुमचा कार्यक्रम पडू देत नाही आपून," अर्जुनराव म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, टाळ नकोत. हे वेगळं गाणं आहे. यात फक्त ऐकायचं."

"निस्तं आयकाचं?" त्यांना ते चमत्कारिक वाटलं, पण जावयापुढे ते काही बोलले नाहीत. दाराशीच वांग्याची टोपली रिकामी करून तिच्यात चाळीस जोड टाळ जमा झाले. आपण फार मोठं संकट टाळलं या समाधानात मी आत गेलो. गळे काढून घ्यायची सोय नसते हे माझ्या लक्षात आलं नाही.

आत वेगळाच घोळ चालला होता. अमडापूरची मंडळी तंबोऱ्यांभोवती जमली होती. बागायतदार माणसं, त्यांना तारा दिसल्याच नाहीत, भोपळाच दिसला. एक जण वाकून बोटाने टकटक वाजवत होता. अर्जुनरावांनी बुवांनाच विचारलं, "एवढा गोल भोपळा! याचं बी कुठी भेटते जी?" मंडळाचे सभासद शरमेने मेले. बुवा मात्र पहिल्यांदाच मोकळे हसले. म्हणाले, "चाळीस वर्षं हे घेऊन फिरतोय, बियाण्याचं कुणी विचारलं नव्हतं."

व्यासपीठ म्हणून सरकीची पोती रचून वर जाजम घातलं होतं. ही कल्पना पंजाबरावांची. सरकी घसरते हे त्यांच्यासारख्या कपाशीवाल्याला माहीत असायला हवं होतं. बुवा बसले तसे डावीकडची पोती हळूहळू दबू लागली. तबलजी उंचावर राहिला आणि बुवा जरासे त्याच्याखाली. पहिल्या रांगेत मध्यभागी मी, माझ्या शेजारी मान म्हणून सासरे, पलीकडे पंजाबराव. उजवीकडे बायका, त्यांत रुख्मिणी. तिने लग्नातलं हिरवं लुगडं काढलं होतं. दाराशी स्टुलावर दयाराम, करमणूक होते की काय ते बघायला.

तंबोरे वाजू लागले आणि मला एक मोठा धक्का बसला. रेडिओवर गाण्याच्या मागे जी गुणगुण येते ती बॅटरीची, असं मी बारा वर्षं रुख्मिणीला समजावून सांगत आलो होतो. पंजाबरावांनी तर त्या आवाजासाठी रेडिओ दोनदा दुरुस्तीला टाकला होता. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

बुवांनी डोळे मिटले आणि आलाप सुरू केला. सकाळचा राग. एक स्वर लावला, त्याच्यापाशी थांबले, मग दुसरा. गोदामातलं ऊन, तरंगणारे कापसाचे तंतू आणि त्या माणसाचा आवाज. रेडिओत गाणं पेटीतून येतं, इथे ते एका माणसाच्या छातीतून येत होतं, आणि ती छाती वरखाली होताना दिसत होती. मला एकदम रडूच येईल असं वाटलं. मैफल म्हणजे हे असं असतं, आणि याच्याबद्दल मी इतकी वर्षं काय वाट्टेल ते सांगत होतो.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. अर्जुनराव अस्वस्थ होऊ लागले. ते माझ्या कानाशी लागले, पण भजनी माणसाचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत जातं. "जवाईबापू, पावण्याले शब्द आठवून नाही राह्यले काय?"

"मामा, आलाप आहे तो. शब्द नसतात."

"काऊन?"

का नसतात, ते मलाही माहीत नव्हतं.

इतक्यात तबल्यावर थाप पडली आणि बुवांनी चीज सुरू केली. दोन ओळींची, हिंदी. पहिली ओळ त्यांनी म्हटली, पुन्हा म्हटली. ओळखीच्या शब्दांत काहीतरी आलं म्हणून अर्जुनरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मागे वळून आपल्या मंडळींकडे नुसतं पाहिलं. आणि तिसऱ्यांदा बुवांनी ती ओळ म्हणताच साठ-सत्तर गळ्यांनी ती खालून उचलली.

ज्यांनी आमच्याकडचं भजन ऐकलेलं नाही त्यांना हे सांगायला हवं. भजनात म्होरक्या एक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती झेलून पुन्हा म्हणतात. त्याला झील धरणं म्हणतात. झील न धरता म्होरक्याला एकटं गायला लावणं म्हणजे पाहुण्याला एकट्याला पंगतीत बसवण्यासारखं. अमडापुरात तसं कधी झालं नव्हतं. पत्र्याचं छत हादरलं. कापसाचे तंतू सगळ्या दिशांना उडाले. तबलजीचे हात हवेत राहिले. निवृत्ती मास्तर "शांतता! शांतता!" ओरडत उभे राहिले, आणि ते झील संपेपर्यंत कुणालाही ऐकू आलं नाही.

बुवांनी डोळे उघडले. गाणं थांबलं.

पंजाबराव उठले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. "शालिग्रामभाऊ, काढा या लोकाईले बाहेर! इथं काय काकडा लागला हाय? गाणं कसं आयकाचं हेही समजत नाही यायले!"

अर्जुनराव हळूहळू उठले. त्यांना काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण चुकलं एवढं कळलं होतं. मुलीच्या सासरगावी, भरल्या सभेत. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि मागे बघून म्हणाले, "चाला रे. आपलं काम नाही इथं." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. रुख्मिणीने पाहिलं. बापाकडे, आणि मग माझ्याकडे.

"तुमी जानते मानूस," पंजाबराव मला म्हणाले, "बुवाच्या म्होरं बसून आयकेल. समजावून सांगा तुमच्या सासऱ्याले."

आता एवढंच करायचं होतं. दोन शब्द जाणत्यासारखे बोलायचे, सासऱ्यांना हात धरून बाहेर न्यायचं, आणि माझी बारा वर्षांची इभ्रत शाबूत राहिली असती. मी उठलो.

"मी कुणालाही ऐकलेलं नाही," मी म्हणालो. आवाज नको तितका मोठा आला. "नागपूर खोटं आहे. बुवांनी मला कधी पाहिलेलं नाही. ही माझी पहिलीच मैफल. मामांनी मला आलाप म्हणजे काय विचारलं, मला सांगता आलं नाही. बाहेर काढायचं तर आधी मला काढा."

निवृत्ती मास्तरांनी हळूच विचारलं, "हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

पंजाबराव खाली बसले. "तसं पाह्यलं तं," ते जाजमाकडे बघत म्हणाले, "माहीही जवळजवळ पहिलीच हाय."

"जवळजवळ?" मी विचारलं.

"अमरावतीले मंडपाचं दारच सापडलं नाही. कनातीबाहिर उभा होतो. चिवडा घेतला अन् आलो."

मास्तरांनी पेन खिशाला लावलं आणि अकोल्याबद्दल आपल्याला कुणी विचारू नये म्हणून ते खिडकीकडे बघू लागले. बुवांनी हात करून अर्जुनरावांना बोलावलं.

"तुम्ही मध्येच का घेतलंत?"

"मंधात नाही जी," अर्जुनराव हात जोडून म्हणाले. "तुमी एकलेच गाऊन राह्यले होते. इतके जन बसेल असून कोनी संग देईना. पावण्याले एकलं कसं सोडावं? माफी करा."

तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून बुवांनी एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बसा. आता असं करू. मी बोट वर केलं की घ्यायचं. नाही केलं तर घ्यायचं नाही. जमेल?"

"जमवू," अर्जुनराव म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याला संगीतात काय म्हणतात मला ठाऊक नाही. बुवा तासभर गायले. बोट खाली असताना साठ-सत्तर माणसांनी श्वाससुद्धा जपून घेतला. बोट वर गेलं की ती ओळ सगळ्यांच्या गळ्यातून वर यायची आणि तबल्याच्या थापेवर नेमकी उतरायची. तीनदा चुकली, पण बुवांनी डोळ्यांनीच समजावलं. पोती दबत दबत बुवा शेवटी जवळजवळ जमिनीला टेकले होते, त्यांना त्याचं भान नव्हतं. शेवटच्या ओळीला दाराशी बसलेले दयारामही तोंड उघडून म्हणत होते. मी घाबरून त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, करमणूक झाली का? त्यांनी डोळे पुसले, कागद काढला आणि त्यावर लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली. करमणूक आढळली नाही."

दुपारच्या गाडीला बुवांना बसवलं. दुधी त्यांनी सोबत नेला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता पुढच्या वेळी भेटलो म्हणून सांगायला हरकत नाही."

मंडळाने मला काढलं नाही. काढलं असतं तर सगळ्यांनाच निघावं लागलं असतं. शिक्षा मला घरातच मिळाली. संध्याकाळी रुख्मिणी एवढंच म्हणाली, "बारा वर्स म्या समद्या गल्लीले सांगतलं." बस्स. मग ती बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पाणी ठेवायची, ताट वाढायची, मुलांकरवी निरोप द्यायची. आणि भांडी घासताना गुणगुणणं बंद झालं होतं. मी मनाशी शपथ घेतली की यापुढे गाण्याबद्दल मरेपर्यंत खोटं बोलणार नाही.

तीन-चार दिवसांनी ती टाळांची टोपली गोदामात राहिल्याचं कळलं. रविवारी दोघं मिळून ती पोचवायला अमडापूरला गेलो. मोटारीत ती खिडकीशी बसली आणि मी टोपली मांडीवर घेऊन बसलो. दर खड्ड्याला टाळ वाजत होते आणि सगळी गाडी आमच्याकडे बघत होती, तरी ती हसली नाही.

दुपारी जेवायला सासऱ्यांनी शेजारपाजारचे पाच-सहा म्हातारे बोलावले होते. जे चिखलीला आले नव्हते ते. वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. पहिल्या चार घासांतच अर्जुनरावांनी मैफिलीची गोष्ट काढली.

"गवई मोठा," ते सांगू लागले. "पन वय झालं बिचाऱ्याचं. पाव घंटा निस्तं आ आ करून राह्यला, शब्द काही आठवंना. चिखलीची मानसं समदी शिकेल, पन एकही संग देईना. पार अडकला होता मानूस. मग आपून धरली झील, तवा कुठी गाडी चालू लागली. नाहीतं पावण्याची फजिती होती त्या दिवशी."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकाला शंका आली. "एवढा मोठा गवई कसा अडकन, अर्जुनराव?"

"खोटं वाटते? जवाईबापूले विचारा," अर्जुनराव म्हणाले. त्यांचा चेहरा अभिमानाने उजळला होता. "थो मानूस खोटं बोलत नाही. आपल्या वकुबाची गोष्ट भरल्या सभेत उभं राहून खरी सांगतली त्यानं. म्या पाह्यलं. काहो जवाईबापू, अडकले होते ना बुवा?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. रुख्मिणी चुलीपासून उठून भाकरीची टोपली घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. मी शपथ घेऊन आठ दिवसही झाले नव्हते. आलाप म्हणजे काय, हे आता मला मास्तरांकडून नीट समजलंही होतं. सांगता आलं असतं.

मी घास गिळला.

"हो मामा," मी म्हणालो, "पार अडकले होते. तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं."

अर्जुनराव समाधानाने हसले आणि ठेच्याकडे वळले. रुख्मिणी पुढे आली, माझ्या ताटाशी वाकली आणि मी नको म्हणायच्या आत तिने भाकर वाढली.

"घ्या अजून एक," ती म्हणाली. "काही जेवलेच नाही तुमी आठ दिवस."